केंद्रातलं एक शून्य

"एवढ्याशा नंबरापायी पोराचा अख्खा कंटेनर बंदरात अडकून पडलाय बघा, बाई," लालासाहेब जगदाळे सांगत होते.

तालुक्याच्या गावी, शाळेच्या संगणक खोलीबाहेर, केंद्रातले शिक्षक आपापल्या पाळीची वाट बघत व्हरांड्यात उभे होते. लालासाहेब त्यांचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या सगळ्या प्राथमिक शाळांचे साहेब. त्यांचा थोरला यशराज कुपवाडातून परदेशी बेदाणा धाडायचा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला वर्गवारीचा नंबर असतो. यशराजच्या कारकुनानं बेदाण्याला ताज्या द्राक्षांचा नंबर घातला आणि माल अडकला.

"माल तोच, पेट्या त्याच. पण एकदा चुकीच्या रकान्यात पडलं की संपलं. मग तुमी किती बी ओरडा. माणूस उद्ध्वस्त हुतो ओ एवढ्याशानं."

"व्हय सर," मंगलबाई मेटकरी म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. डूख धरलेली नागीण फणा काढून हिंडत नसते.

गोष्ट कोरोनाच्या आधीची. शिक्षकांना संगणक किती येतो, याची पाहणी आली होती. कुणीतरी लालासाहेबांच्या कानात सांगितलं, की सगळ्यांना येतं म्हणून कळवलं तर केंद्राला प्रशिक्षणही मिळणार नाही आणि नवे संगणकही. एक तरी शून्य दाखवा. लालासाहेबांनी नावांवरून बोट फिरवलं. एकाचा चुलता पुढारी, दुसऱ्याचा मेहुणा संघटनेत, तिसरी सरपंचाची सून. बोट मंगलबाईंवर येऊन थांबलं. बाईंच्या घरची मेंढरांमागं हिंडणारी माणसं, ती काय जाब विचारायला येणार? सगळ्या केंद्रात संगणकाची खरी गोडी एकट्या मंगलबाईंना होती. सुट्टीत विट्याला राहून त्यांनी शिकवणी लावली होती. ते लालासाहेबांना ठाऊक होतं. तरीही बोट तिथून हललं नाही.

ती यादी पुढं संकेतस्थळावर लागली. कुणीही बघावी, कुणीही उतरवून घ्यावी, अशी उघडी. मंगलबाईंच्याच वाडीतल्या एका रिकामटेकड्यानं ती उतरवली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली.

मंगलबाईंचे वडील नानासो. जन्म मेंढरांमागं गेला, अक्षराशी गाठ पडली नाही. आटपाडीच्या बाजारात गिऱ्हाईक आलं की म्हातारा भाव सांगायच्या आधी सांगायचा, "माजी पोरगी मास्तरीण हाय. कापूटर चालवती." मेंढरू विकलं नाही तरी चालेल, हे सांगायचं राहता कामा नये. त्या यादीनंतरच्या बाजारी एकजण चारचौघांत म्हणाला, "आवं नाना, तुमच्या मास्तरणीला तर कापूटरात भोपळा हाय की. सरकारच सांगतंय." माणसं हसली. नानासोनं मेंढरं वळवली आणि बाजार उठायच्या आधीच घर गाठलं.

मंगलबाईंनी त्याला शेजारी बसवून सगळं समजावलं, स्वतःचा लॅपटॉप उघडून दाखवला. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला, रडत्या पोराला म्हणावं तसं. त्यानंतर बाजारात त्यानं लेकीचं नाव काढलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर तो गेला, तेव्हाही ते नाव आत ठेवूनच गेला.

मंगलबाई त्या वेळी साहेबांना विचारायला गेल्या होत्या. साहेब चहा पीत होते. हसून म्हणाले, "अवो, एक आकडाच तर हाय. केंद्राचं भलं झालं. कोण बघतंय?"

केंद्राचं भलं झालं खरं. संगणक आले आणि सगळ्यांची कामं मंगलबाईंच्या गळ्यात पडली. मग एक रीतच पडून गेली. वरून काहीही ऑनलाइन आलं, की मंगलबाई खुर्चीवर बसायच्या आणि ज्याचं काम असेल तो बाकीच्यांना घेऊन मागं भिंत करून उभा राहायचा. कुणी तपासायला आलं तर भिंतीमागं नेमकं कोण बसलंय ते दिसायचं नाही. सगळ्यांचे पासवर्ड बाईंना पाठ. साहेबांचा तर बाईंनीच बनवून दिलेला. कधी कुरकूर नाही, कधी टोमणा नाही. लोक म्हणायचे, बाई मनानं मोठ्या, विसरल्या. बाई दर वेळी साहेबांच्या नावानं अक्षरं बडवत आणि मनात म्हणत, चालू दे, अजून थोडं चालू दे.

आता पुन्हा तीच पाहणी आली होती. या खेपेला प्रत्येकानं समोर बसून परीक्षा द्यायची होती, केंद्रप्रमुखांनीसुद्धा. एक उतारा टंकायचा, एक तक्ता करायचा आणि पाठवून द्यायचा. लालासाहेबांची बढती तोंडावर आली होती आणि या पाहणीत नाव चांगलं लागलं तरच ती मिळणार होती. पण ते निर्धास्त होते. भिंत होती ना.

देखरेखीला सांगलीहून अंकिता नावाची मुलगी आली होती. तिनं साहेबांचं नाव पुकारलं. सवयीप्रमाणे मंगलबाई आणि चार-पाच शिक्षक त्यांच्याबरोबर आत शिरले, खांद्याला खांदा लागला. साहेबांनी मंगलबाईंकडं बघून मान हलवली, बसा म्हणून.

मंगलबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, खुर्ची तुमची हाय. तुमीच बसा."

अंकितानं मान वर केली आणि घोळक्याला मागं व्हायला सांगितलं. भिंत फुटली. साहेब बसले.

त्यांनी माऊस धरला, पाखरू धरावं तसा. बाण पडद्याच्या कडेला न्यायचा होता, म्हणून माऊस सरकवत गेले, सरकवत गेले, ते टेबलाच्या काठाशी आले. माऊस उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, एवढं त्यांना माहीत नव्हतं. ते तसेच थांबले. मानेवर घाम आला. मागं न वळता, ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "बाई, फुडं जागाच न्हाई. आता?"

मंगलबाई वाकल्या. लोकांना वाटलं, सुटले साहेब. बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "एक आकडाच तर हाय, सर."

साहेबांनी वर बघितलं. आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यांत ते उतरलेलं बाईंनी पाहिलं. एवढी वर्षं त्या याच एका क्षणासाठी जगल्या होत्या. तो जिभेवर गुळासारखा गोड लागला, आणि खोटं कशाला बोला, चांगला पुष्कळ वेळ लागत राहिला. साहेब वेळ संपेपर्यंत काठाशी माऊस धरून बसले. शिक्षकांतला एकही पुढं झाला नाही. एकजण तर तोंडावर रुमाल धरून हसत होता.

महिन्याभरानं यादी लागली. लालासाहेब जगदाळे, केंद्रप्रमुख, शून्य. बढती दुसऱ्याच्या पदरात पडली. एका रविवारी मंगलबाई आईकडं निघाल्या आणि एसटीत बसल्याबसल्या त्यांनी ती यादी वाडीच्या ग्रुपवर टाकली. मग शिक्षकांच्या ग्रुपवर. मग रहिमतपूरच्या एका मैत्रिणीला, कारण साहेबांचं मूळ गाव ते.

आई, हरणाबाई, अंगणात शेंगा फोडत होत्या. मंगलबाईंनी मोबाईल पुढं धरला आणि सगळं सांगितलं, माऊस कसा काठाला गेला ते हात करून दाखवलं. हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी त्या उजेडाकडं बराच वेळ बघितलं.

"आनि तुज्या नावाम्होरचं? ते पुसलं का?"

"न्हाई. जुनी यादी तशीच ऱ्हाती. ती बी हाय, ही बी हाय."

हरणाबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "त्येच्या घरात कोन म्हातारं मानूस हाय का गं?"

मंगलबाईंना साहेबांच्या नव्या घराची वास्तुशांत आठवली. रहिमतपूरहून आलेल्या बनुबाई, साहेबांच्या आई, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, माझा लाला सगळ्या मास्तरांचा साहेब हाय.

"हाय," मंगलबाई म्हणाल्या. "आई हाय."

हरणाबाईंनी पुढची शेंग उचलली. मंगलबाईंचा मोबाईल सारखा वाजत होता. ग्रुपवर माणसं हसत होती, एकामागून एक. केलं त्याचं मंगलबाईंना वाईट वाटलं नाही. परत वेळ आली असती तर परत केलं असतं. फक्त तो हसण्याचा खच वाचायची इच्छा होईना.

दिवस कलला तशा हरणाबाई उठल्या. भिंतीशी नानासोचं रिकामं बाजलं होतं. त्यावरचं घोंगडं त्यांनी उचललं, दाराबाहेर नेऊन झटकलं, आणि आत आणून कोपरे नीट ओढत पुन्हा बाजल्यावर अंथरलं.