शनिवारचा भोंगा

आमच्या तळघराच्या मातीत एल्व्हिनच्या खुर्चीच्या पायांचे चार खड्डे पडले आहेत. तीन सारखे आहेत. पुढचा उजवा मात्र बोटभर जास्त खोल. म्हणजे माणूस त्या बाजूला झुकून बसतो. त्या बाजूला आईच्या पीचच्या बरण्यांची फळी आहे, आणि माझं स्टूलही. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पुरेसा पुरावा नसताना निष्कर्ष काढत नाही.

एल्व्हिन आमचा शेजारी. त्याच्याकडे तळघर नाही, म्हणून वादळाचा भोंगा झाला की तो आमच्याकडे येतो. लगेच नाही. ओक्लाहोमातला पुरुष भोंगा ऐकला की आधी अंगणात जातो, कमरेवर हात ठेवून ढगाकडे बघतो, आणि टोर्नेडो स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय खाली उतरत नाही.

"एल्व्हिन, तुला उडून जायचं असेल तर जा," आई ओरडते, "पण कुत्र्याला आत पाठव!"

मग तो येतो.

चर्चचा मनोरा गेला त्या वादळात त्याने मला लग्नाचं विचारलं. आई बरण्या पुसत असल्याचं नाटक करत होती. मी म्हणाले, "वादळांचा मोसम संपू दे, मग सांगते." त्यानंतर बर्टच्या गोठ्याचं छप्पर गेलं. मग शाळेची बस पोहायच्या तलावात सापडली. आमच्याकडे काळ असाच मोजतात. मोसम दर वर्षी संपत गेला. मी काही सांगितलं नाही.

परवा कुंपणापाशी तो म्हणाला, "सोमवारी माणसं येतायत. गॅरेजखाली वादळासाठी लोखंडी खोली बसवून देणार आहेत. आता तुम्हाला त्रास नको."

"चांगलं केलंस," मी म्हणाले. मग घरात येऊन थंड चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो सगळा प्यायले.

आज शनिवार. दुपारी बाराला भोंगा झाला. दर शनिवारी होतो, चाचणीचा. लोक त्यावर घड्याळं लावतात. कुत्रीसुद्धा मान वर करत नाहीत. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. एल्व्हिन धावत आला, डोक्यावर बेसबॉलचं हेल्मेट, काखेत कुत्रा. वर एकदाही न बघता त्याने तळघराचं दार उचललं आणि खाली उतरला.

"अरे, शनिवार आहे!" आई व्हरांड्यातून ओरडली.

"ठाऊक आहे, मिस ओपल," खालून आवाज आला.

"मग माझ्या बरण्यांत काय करतोयस?"

"बसलोय. शेवटचं."

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या वडिलांची मोटार झाडावर जाऊन बसली, त्या वर्षीसुद्धा शनिवारच्या भोंग्याला कुणी पळालं नव्हतं. नेल्डा, अजून किती पुरावा हवाय तुला?"

मी खाली उतरले. खुर्ची आपल्या चार खड्ड्यांत नेमकी बसली होती. माझ्या स्टुलावर कुत्रा होता. मी त्याला उतरवलं, स्टूल उचललं आणि एल्व्हिनच्या डाव्या बाजूला नेऊन बसले. पीच उजवीकडेच राहिले.

भोंगा थांबला. थोड्या वेळाने खुर्ची करकरली, आणि एल्व्हिन हळूहळू डावीकडे झुकला.

"त्या माणसांना सोमवारी येऊ नका म्हणून सांग," मी म्हणाले. "मी लग्न करणार आहे तुझ्याशी."