बाजेखालची शेगडी

योगीराजनं पेडगावात मातीचं घर बांधलं तेव्हा गाव हसलं होतं. आता मे महिन्यात तेच गाव दुपारी त्याच्याकडं टेकायला येतं. आज तर जिंतूरहून पाहुणे आले होते, घर बघायला. बाहेरच्या खोलीत योगीराजला जोर चढला होता, "दीड हात जाड भिंत हाय. ऊन आत येतच न्हाई."

आतल्या खोलीत त्याची बारा दिवसांची बाळंतीण, सृष्टी, घामानं भिजून बाजेवर पडली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. दार लोटलेलं, खिडकीला गोधडी. सकाळीच सासूनं, नर्मदाबाईनं, फर्मान काढलं होतं, "लय गारठा हाय या मातीत. बाळंतिणीला बाधंल."

"आत्या, शेगडी न्या. बाळ प्यायना झालंय."

"झोपलंय ते."

"मान टाकलीय त्यानं."

"चार बाळंतपणं शेकावर काढली मी. मेलं का कुणी?"

"तुमची खोली पत्र्याची. ऊब पळून जायची. हितं कुठून जाईल?"

"हळू बोल. पाहुणे हायेत."

लेकरू भाजायलंय आणि हिला पाहुण्यांची पडलीय. सृष्टीनं भिंतीला तळवा लावला. तिनंच तुडवलेल्या चिखलाची भिंत, ताप भरल्यासारखी लागली. शेगडी विझवली तरी ही लवकर निवणार नव्हती. बाळाचं अंग तर त्याहून तापलेलं.

ती उठली. नर्मदाबाई दारात आडवी झाली.

"सव्वा महिना उंबरा ओलांडायचा न्हाई. लोक थुंकतील."

"थुंकू द्या. तेवढंच गार वाटंल."

सासूला खांद्यानं सारून ती बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. पाहुणे चपापून उठले. योगीराजचा हात भिंतीवरच राहिला.

"आतली धग बाहेर जाऊ देत न्हाई, ते बी सांगा यांना," ती म्हणाली.

तिथल्या गार भिंतीला टेकून तिनं बाळाचं दुपटं काढलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. बाळ हलेना. तिनं पाठ फिरवून त्याला छातीशी लावलं. पुन्हा लावलं. ओठ हलले. थांबले. मग ओढायला लागले.

"दवाखान्यात न्यायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. "बघत काय बसलाव?"

पाहुण्यांनीच गाडी काढली.

सगळे गेल्यावर नर्मदाबाईनं आतल्या भिंतीला हात लावला. बराच वेळ काढला नाही. मग पदरानं शेगडी धरून तिनं ती भर उन्हात अंगणात नेऊन पालथी घातली.