वीस मिनिटं

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, अमेरिकेतल्या हुतात्मा सैनिकांच्या दिवशी, व्हर्ना हुडाकला कबरस्तानात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते. मुलगा देऊन मिळालेली. तिचा हेवा कुणी करत नाही. पण तिथून सगळं गाव दिसतं. कोण आलं, कोण टोपी काढायला विसरलं, कुणाचा रुमाल भाषणाआधीच बाहेर आला, व्हर्नाच्या नजरेतून काही सुटत नाही.

यंदा भाषणाला ड्वेन मिहालिक होता. तिच्या ब्रेंटबरोबर मरीन सैन्यात भरती झाला, त्याच्याबरोबर इराकला गेला आणि एकटाच परत आला. आता जिल्ह्याच्या निवडणुकीला उभा, त्यामुळे आवाजाला जरा तूप लागलेलं.

"ब्रेंट वीस मिनिटं माझ्या मांडीवर होता," ड्वेन म्हणाला. "शेवटी म्हणाला, आईला सांग, मी घाबरलो नाही."

मागे हुंदके फुटले. शेजारी बसलेली नणंद आर्लीन नाक पुसत कुजबुजली, "वहिनी, हे कधी बोलली नाहीस गं."

बोलणार कुठून? एकोणीस वर्षांपूर्वी हाच ड्वेन तिच्या स्वयंपाकघरात टोपी पिळत म्हणाला होता, "काकू, क्षणात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." त्या वाक्याच्या भरवशावर तिने शवपेटी न उघडता पुरू दिली. नवरा गेला, तोही तेच वाक्य उशाशी घेऊन.

मग चर्चच्या तळघरात पंगत बसली. ड्वेन कोबी-नूडल्सची ताटली सांभाळत हात मिळवत फिरत होता. व्हर्नाने समोरची घडीची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"बस. दोनातलं एक खोटं आहे. कुठलं?"

"काकू, इथे नको."

"गावाला चारचौघांत सांगितलंस. मलाही चारचौघांत सांग."

ड्वेन बसला. "पहिलं. तुम्हाला सोसलं नसतं."

"म्हणून माझ्यापासून झाकून ठेवलंस, आणि मतं मागायची वेळ आली तेव्हा गावाला वाढलंस. बरं. आणि ते 'घाबरलो नाही'?"

त्याने ताटली खाली ठेवली. "शेवटी पाणी मागत होता. दुसरं काही नाही. पोटात जखम होती, पाणी द्यायचं नसतं."

"नाही दिलंस?"

"नाही."

आर्लीन मध्ये पडली. "वहिनी, जेवू दे गं त्याला. एवढं बोलून दमलाय पोरगा."

"वीस मिनिटांचं दोन मिनिटांत उरकलंय त्याने, दमतोय कसला." मग ड्वेनला म्हणाली, "पहिल्यापासून सांग. गाळू नकोस, आणि पदरचं घालू नकोस."

त्याने सांगायला घेतलं. भिंत कशी कोसळली, ब्रेंटला ओढत कुठे नेलं, तो आधी ड्वेनला नावाने हाका मारत होता आणि नंतर त्याचं नावच विसरला. व्हर्ना रडली नाही, मानही हलवली नाही.

जिन्यावरून कुणीतरी हाक मारली, "ड्वेन, चल, फोटोवाला खोळंबलाय."

ड्वेन उठला. "काकू, येतो परत. नक्की."

"सांगितलंस तिथवर जिवंत होता?"

"होता," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

आर्लीनने रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि बसून ॲपल-पायचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. व्हर्नाने तो पाहिलाही नाही. तिच्यापुरता ब्रेंट अजून पाणी मागत होता. पुढचं ज्याला ठाऊक, त्याचे तळघराच्या उंच खिडकीतून फक्त बूट दिसत होते; चकचकीत, फोटोसाठी टाचा जुळवून उभे.