सोळा पावलांवरचा कॉम्प्युटर

“हा उचलता येतो का?” मी विचारलं.

“येतो की. हीच तर मजा आहे, काकू. दीड किलोसुद्धा नाही. काका पलंगावर पडल्या पडल्या वापरतील.” दुकानदाराने लॅपटॉप एका तळहातावर तोलून दाखवला.

“मग हा नको. न उचलता येणारा दाखवा.”

दुकानदार पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्या दुसऱ्या हातात ह्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीत वर ‘लॅपटॉप’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, मग पडदा किती इंचांचा, मेमरी किती, सगळं एकाखाली एक. अक्षर डाव्या हाताचं, पहिलीतल्या पोराचं वाटावं असं. रेघा मात्र पट्टीने मारलेल्या. एका हाताने पट्टी धरायची आणि रेघही मारायची हे ह्यांनी कसं जमवलं, ते मी विचारलं नव्हतं.

“पण ह्यात तर लॅपटॉप लिहिलंय.”

“लिहिलंय ते मलाही वाचता येतं.”

“काकू, खरं सांगू का? घरासाठी डेस्कटॉप आता कोणी घेत नाही. टेबल लागतं, जागा अडते, वायरी लोंबतात. एकदा ठेवला की ठेवला.”

“तेच हवंय मला. एकदा ठेवला की ठेवला.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हिच्या घरी फोन करावा की काय, असा विचार त्याच्या मनात आला असावा. माझा हट्ट बघून शेवटी म्हणाला, “ठीक आहे, उद्या स्वतः येऊन लावून देतो. आठ दिवसांत नाही पटला तर बदलून देईन. तेवढं तुमच्यासाठी.” आवाजावरून माणूस सरळ वाटला. आवाजातलं मला कळतं. एकतीस वर्षं मी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते.

आता हा उफराटा सौदा मी का केला, ते सांगते.

हे ड्राफ्ट्समन होते, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. टाक्या, पंपघरं, जमिनीखालून जाणारे नळ, सगळ्याचे नकाशे काढायचे. आधी शाईने, शेवटची बारा वर्षं कॉम्प्युटरवर. आमच्या घरात नकाशा काढल्याशिवाय खुर्चीसुद्धा आली नाही. कपाट घ्यायचं तर आधी खोलीचा नकाशा, त्यात कपाटाचा चौकोन, दार उघडल्यावर कुठवर येतं त्याची कमान. ते काढून झालं की मगच दुकान. मी म्हणायची, तुम्ही लग्नाआधी माझीही मापं घेतली असणार. हे म्हणायचे, घेतली असती तर दार मोठं करून घेतलं असतं.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ दोन आठवड्यांत सुधारली, पाय तीन महिन्यांत परत आला. हात आला नाही. आणि पाय येऊनही हे उठले नाहीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सहा पावलं, तेवढंच चालणं. बाकी सगळा दिवस छताकडे बघत.

ह्यात माझा वाटा मोठा होता, आणि तो मला फार उशिरा कळला. आमच्या कामात एक शिस्त होती, की दुसरी घंटा वाजू द्यायची नाही. इस्पितळात फोन करणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा पहिल्या घंटेला उचलायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती सवय हाडात मुरलेली. ह्यांनी “अगं” म्हणायचा अवकाश, मी पलंगापाशी हजर. चहा हाताशी, पेपर हाताशी, चष्मा हाताशी, रिमोट उशीखाली. मला वाटायचं, किती करते मी ह्यांचं. थोडा अभिमानच होता म्हणा ना.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी जाता जाता चप्पल घालताना मला सांगितलं, “त्यांच्या पायात काही दोष राहिलेला नाही. आता तुम्हीच त्यांना झोपवून ठेवलंय.”

मला राग आला. संध्याकाळपर्यंत टिकला. मग भांडी घासता घासता रडू आलं, कारण बाई खरं बोलल्या होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या ठकीचा फोन आला. ठकी म्हणजे आमची मुलगी. दोन मुलांची आई झाली, ऑफिसात चाळीस माणसं तिच्या हाताखाली, पण आमच्यासाठी ठकीच. ती म्हणाली, “आई, बाबांना एक लॅपटॉप घेऊन दे. पोटावर ठेवतील, बातम्या वाचतील, मुलांशी बोलतील. वाटलं तर नकाशेही काढतील डाव्या हाताने.” हे ऐकत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी स्वतःहून कागद मागितला आणि चिठ्ठी लिहिली.

मी चिठ्ठी घेऊन निघाले ती ह्यांच्या मनासारखं आणायलाच. पण वाटेत डोळ्यांसमोर चित्र येत राहिलं. चहा, पेपर, चष्मा, रिमोट, आणि आता सगळं जगच पोटावर. मग हा माणूस कशासाठी उठेल?

दुसऱ्या दिवशी दुकानदार खोकी घेऊन आला. बाहेरच्या खोलीत ह्यांचं जुनं टेबल होतं, कपड्यांच्या ढिगाखाली गेलेलं. ते मोकळं करून मी नीट बघून लावलं, खिडकी डाव्या हाताला येईल असं. उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर काढणाऱ्या हाताची सावली रेघेवर पडते, हे चौतीस वर्षं मी ऐकत आलेय. कॉम्प्युटरवर सावली पडत नाही हे मला कळत होतं. पण म्हटलं, एवढं तरी ह्यांच्या मनासारखं होऊ दे. पलंगापासून ते टेबल सोळा पावलं. दार उघडं ठेवलं की पलंगावरून समोर दिसतं.

दुकानदार गेल्यावर हे म्हणाले, “मी लॅपटॉप लिहिलं होतं.”

“लिहिलं होतंत.”

“मग?”

“मग मी हा आणला.”

“मला उठवायला.”

“हो.”

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या सकाळी हाक आली, “पेपर.”

“टेबलावर आहे,” मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

आपल्या लग्नाच्या दिवशीही पेपर वाचायला न विसरलेला हा माणूस त्या दिवशी पेपराशिवाय राहिला. तिसऱ्या दिवशीही राहिला. चौथ्या दिवशी माझ्याशी बोलणंच बंद झालं, भाजीत मीठ कमी का जास्त तेवढंसुद्धा नाही. टेबलावर पेपरांची चळत चढत गेली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, धीर धरा. धीर धरा म्हणायला त्यांचं काय जात होतं? त्या तासाभराने निघून जात होत्या.

ठकीने तर मला फैलावर घेतलं. “आई, आजारी माणसाशी कसला हट्ट करतेस? त्यांनी एक वस्तू मागितली आठ महिन्यांत. एक.”

“मला ठाऊक आहे, ठके.”

“मग बदलून आण. तुझंच खरं करायची ही वेळ आहे का?”

मी फोन ठेवला. माझंच खरं करत होते का मी? रात्रंदिवस तोच विचार. इलाज करतो म्हणून छळ करणारी माणसं मी इस्पितळात पुष्कळ ऐकली होती, सगळ्यांचे आवाज अगदी प्रेमळ असत. सातव्या दिवशी ह्यांनी ताट अर्धं ठेवलं. मी हरले. दुकानदाराला फोन लावला, पलंगाशेजारी उभं राहूनच, ह्यांना ऐकू जावं म्हणून.

“उद्या सकाळी येऊन घेऊन जा. लॅपटॉपच द्या.”

“मी म्हटलं होतं, काकू,” तो म्हणाला.

ह्यांनी सगळं ऐकलं. वाटलं, चेहरा खुलेल. पण हे नुसते दारातून त्या टेबलाकडे बघत राहिले.

आठव्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते. आतून पलंग करकरला. मग काठीचा टक आवाज, मागून पाय घासल्याचा. न्हाणीघराकडे निघाले असतील. मी मनातल्या मनात पावलं मोजली, ती सवयच लागली होती. चार, पाच, सहा. न्हाणीघराचं दार वाजलं नाही. सात. आठ.

मी गॅससमोर होते तिथेच थांबले.

नऊ, दहा, अकरा. अकराव्या पावलाला सगळं थांबलं. श्वास ऐकू येत होता, धापेचा. तिथे उंबरठा आहे, आणि चौकट धरायला दुसरा हात नाही.

“अगं,” हाक आली.

मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. सगळं अंग तिकडे ओढत होतं. आयुष्यभर मी पहिल्या घंटेला उचललं, आणि आता माझा स्वतःचा नवरा उंबरठ्यावर उभा होता. पडले तर? पडले तर ठकी मला जन्मात क्षमा करणार नाही, मीही करणार नाही.

“अगं, आहेस ना?”

“आहे,” मी म्हटलं. “इथेच आहे.” आणि हलले नाही.

काठी फरशीवर जागा शोधत राहिली. मग टक, आणि पाय. बारा. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला. मी फक्त हात पुढे करून बटण बंद केलं. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. खुर्ची सरकली, आणि एक मोठा श्वास सुटला. मी ओट्याला टेकून खाली बसले.

“इकडे ये,” हे म्हणाले. आवाजात चक्क कुरकुर होती, ऑफिसातल्यासारखी. “हे टेबल चुकीचं लावलंयस.”

मी डोळे पुसून बाहेर गेले. हे खुर्चीत बसले होते, कपाळ घामाने डबडबलेलं, काठी मांडीवर आडवी.

“चुकीचं कसं? उजेड डावीकडून नको का?”

“उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडून.” ह्यांनी काठी डाव्या हाताने टेबलाला टेकवली. “मी आता डाव्या हाताचा आहे.”

आठ महिने हा माणूस ‘हात बरा झाला की’ म्हणत होता. हात बरा झाला की दाढी स्वतः करीन, हात बरा झाला की सही करायला बँकेत जाईन. त्या आठ दिवसांत भिंतीकडे तोंड करून हे काय काय बोलले असतील स्वतःशी, मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “कॉम्प्युटरवर कुठे सावली पडते?”

“शेजारी वही असणार ना? आधी कच्चं कागदावर काढतो मी, मग कॉम्प्युटरवर. आठ दिवस पडल्या पडल्या बघतोय. चुकीचं लावलेलं टेबल बघवत नाही माणसाला.”

“मग आठ दिवस बोलला का नाहीत?”

“तुझ्याशी अबोला होता.”

मी हसले, आणि हसता हसता रडलेही. ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर ओढून मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. चिडका माणूस, पण वाईट नाही.

तेवढ्यात दुकानदार आला, बगलेत नवा लॅपटॉप, तोंडावर ‘मी म्हटलं होतं’. ह्यांनी त्याला बसूही दिलं नाही. “आधी हे टेबल समोरच्या भिंतीला घ्यायचंय. प्लग तिकडेही आहे. कॉम्प्युटरचा पडदा आधी उतरवा. हां, आता उचला. घासू नका, फरशीवर ओरखडे पडतात.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “उचला.”

एका बाजूला तो, एका बाजूला मी, आणि खुर्चीत बसून हे काठीने दाखवतायत, वीतभर इकडे, दोन बोटं तिकडे. घामाघूम झाल्यावर त्या बिचाऱ्याने विचारलं, “काका, म्हणजे बदलायचा नाही?”

“एवढा जड डबा कोण परत नेणार?” हे म्हणाले.

खिडकी आता उजव्या हाताला आली. दुकानदाराने वायरी जोडल्या, माउस कीबोर्डच्या डावीकडे ठेवला आणि पडद्यावर काहीतरी शोधत बसला. “माउसची बटणं उलटी करावी लागतील, म्हणजे तुमच्या बोटाला बरं पडेल. तात्पुरती करू, का कायमची ठेवू? नंतर हात सुधारला तर...”

ह्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. ह्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि टेबलावर, वहीच्या कोपऱ्यावर नीट ठेवला, कागद हलू नये म्हणून.

“कायमची करा,” हे म्हणाले.

मी आतल्या खोलीत गेले. चादर झटकली, उशा एकावर एक रचल्या. मग कपाटातून पलंगपोस काढला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच भर सकाळी, चारही कोपरे ताणून, पलंगावर घातला.