आजीचे एक वर्ष

सुज्ञ वाचकहो, आमच्या नाम दिन्ह शहरातील कालव्यालगतच्या गल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशपरीक्षेवरून एक घर कसे दुभंगले, त्याचे कथन मी येथे करणार आहे. मी त्याच गल्लीत राहणारा, मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा मनुष्य आहे. माझे शिक्षण मध्येच खुंटले. तथापि जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले, तेच लिहीन.

मुलीचे नाव दिएप. तिचे वडील मासेमारीच्या जहाजावर असत. घरात आई थोआ आणि वडिलांची आई तुएत आजी. शहरात एक निवडक विद्यार्थ्यांची शाळा आहे. तिच्यात शिरलेल्या मुलास पुढची वाट मोकळी होते, अशी आमच्याकडे सर्वांची श्रद्धा. थोआ कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसे. आपल्या मुलीने त्या यंत्रावर बसू नये, हा तिचा एकमेव ध्यास होता.

त्यास्तव निवृत्त शिक्षक क्वेन सर दररोज सायंकाळी शाब्दिक उदाहरणे सोडवून घेण्यास येत. कोंबड्या आणि कुत्री यांचे एकत्र पाय, दोन नळांनी भरणारा हौद, आणि विशेषेकरून वयांची उदाहरणे. "आधी रेघा काढ," सर म्हणत, "लहानाची लहान रेघ, मोठ्याची मोठी. रेघ खोटं बोलत नाही."

तुएत आजी शेजारीच पालेभाजी निवडत बसे. वयाचे उदाहरण आले, की तिला राहवत नसे.

"अहो सर, जन्मलेलं मूल शून्य वर्षांचं कसं? जन्मतःच एक, आणि तेतचं नवं वर्ष लागलं की दुसरं!"

"आजी, ती जुनी मोजणी झाली."

"जुनी काय, नवी काय! नऊ महिने आईच्या पोटात होती, ती काय दुधी भोपळा होती?"

सरांना हसू येई. दिएप तर पोट धरून हसे. थोआ मात्र कपाळाला आठ्या घाली. "सासूबाई, पोरीचं डोकं नासवू नका. तुमचं वय तुम्ही कसंही मोजा."

"मी कुठं नासवते? मी आपली भाजीशी बोलते."

दिएप आजीपाशीच निजे. शाळेतील धडे ती आजीला म्हणून दाखवी आणि आजी ते स्वतःच्या पद्धतीने तपासत असे. उभयतांची ती मौज होती. तिच्यात काही अनिष्ट दडले आहे असे मलाही कधी वाटले नाही.

परीक्षेच्या दिवशी मीच मायलेकींना शाळेपर्यंत नेले. दुपारी फाटकाशी पालकांची दाटी होती. मुले बाहेर येताच जो तो उत्तरे ताडून पाहू लागला.

एक गुबगुबीत मुलगा ओरडला, "शेवटचं वयाचं! आजी बहात्तर वर्षांची!"

दिएप म्हणाली, "एकाहत्तर."

थोआने तिचा दंड धरला. "उदाहरण सांग."

"माई जन्मली तेव्हा तिची आजी एकसष्ट वर्षांची होती. आज माई आणि तिची आई मिळून चव्वेचाळीस, आई माईच्या तिप्पट. तर आजी किती? माई अकरा आली."

"मग एकसष्ट आणि अकरा?"

"जन्मली तेव्हा माई एक वर्षाची होती ना! म्हणजे दहाच वर्षं झाली."

"सरांनी असं शिकवलं?"

"नाही. पण उदाहरण आजीचं होतं, आई. म्हणून आजीसारखं मोजलं."

थोआने तिच्यावर हात उगारला नाही. उगारला असता तर बरे झाले असते असे मला वाटते. 

दुसऱ्या दिवशी तुएत आजी चांगले जाकीट घालून माझ्यापाशी आली. "चुओक, मला त्या शाळेत ने. मी त्यांना समजावते."

खिडकीतील तरुण कारकुनाने तिचे सर्व बोलणे सभ्यपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "आजीबाई, इथं जन्मदाखल्यावरचं वय चालतं. पोटातलं नाही."

"तुझ्या आजीचं वय विचारलंस कधी?"

"विचारलंय. घरी. इथं नाही."

मागे उभे असलेले लोक हसले. आजी पायऱ्या उतरली तेव्हा तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्यापूर्वी तिने तो कधीच घेतला नव्हता.

निकाल लागला. दिएप थोडक्यात राहिली. त्या एका उदाहरणाचे गुण मिळते तर ती आत होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा होतो. थोआ शांतपणे भात वाढत होती.

"सासूबाई," ती म्हणाली, "तुमच्या त्या एका वर्षानं माझ्या पोरीचा जन्म खाल्ला."

आजीने दिएपकडे पाहिले. फाटकाशी निर्धास्तपणे उत्तर देणारी ती मुलगी आता वाडग्यात पाहत होती.

"आजी, तू मला काही शिकवू नकोस आता," ती म्हणाली.

"बरं," आजी म्हणाली.

महिनाअखेरीस एका दुय्यम शाळेची परीक्षा होती. सर पुनश्च येऊ लागले. आजी भाजी घेऊन मागील अंगणात बसू लागली. पुढे तिने स्वतःच धाकट्या मुलाकडे गावी जाण्याचे ठरविले. तिचे गाठोडे मी गाडीला बांधले. थोआ कारखान्यात होती.

आजी दारात थांबली. "दिएप, मी निघाले गं."

"रेघ चुकेल, आजी," पट्टी धरलेली मुलगी मान वर न करता म्हणाली.

आजी येऊन माझ्या मागे बसली. "चल," म्हणाली. मी गाडी सुरू केली. दुय्यम शाळेत दिएपला प्रवेश मिळाला. आजीला ते कळविण्यास मला कोणीही सांगितले नाही. मीच गावी जाऊन सांगितले. तिने ऐकले आणि मला पाणी विचारले.

वाचकहो, आपण आपला अमूल्य वेळ दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
फाम वान चुओक