पलंगाखालचा मारेकरी

माझा नातू लेआंद्रो राजधानीत वाढला आणि कादंबरी लिहायची म्हणून युकातानला माझ्या घरी येऊन राहिला. तीन वर्षांत त्याने एक गाव तेवढे रचले. शंभर वर्षांपूर्वीचे, आमच्याच मुलखातले: नकाशा, एकशेबारा घरे, घराघरांतील वैरे, विहिरींची खोलीसुद्धा. माझ्या जेवणघराच्या भिंती त्याच्या चिठ्ठ्यांनी माखल्या. नमनालाच घडाभर तेल घालणाऱ्यांची जात मी पुरती ओळखते.

शनिवारी प्रकाशक बाई जेवायला येणार होत्या. एक प्रसंग ऐकवा. नाही पटला तर पुन्हा तोंड दाखवू नका, असे त्यांनी बजावले होते. तेव्हा कुठे शुक्रवारी सकाळी चिरंजीवांनी पहिला प्रसंग लिहिला आणि मला वाचून दाखवला. जमीनदार डॉन एलिहिओ निजला आहे. मारेकरी पलंगाखालून सरपटत बाहेर येतो.

"कुठून येतो?"

"पलंगाखालून, चिची." आमच्याकडे आजीला चिचीच म्हणतात.

"पलंग कुणाचा?"

"डॉन एलिहिओचा. शिसवी आहे. तिसऱ्या वहीत त्याचं चित्र—"

"चुलीत घाल ती वही! तुझा बाप हमाक्याच्या झोळीत जन्मला, तुझे आजोबा हमाक्यातच गेले. भिंतीतल्या या कड्या काय तुझ्या चिठ्ठ्या टांगायला ठोकल्यात? या उकाड्यात पलंगावर निजतो तो परका, नाहीतर तू."

त्याचा चेहरा उतरला. "पण जाळीच्या झोळीखाली माणूस लपणार कसा? आरपार दिसतं."

"नाहीच लपणार. एकशेबारा घरं बांधलीस, आणि त्यात माणसं निजतात कशी, ते ठाऊक नाही!"

"मग तो मारणार कसा?"

"दारातून येऊन. वाऱ्यासाठी दार उघडंच असतं. आणि एका हातानं झोका देत राहायचं, मठ्ठा. हमाका थांबला की माणूस जागा होतो."

तो तसाच उठून नव्याने लिहायला बसला.

शनिवारी वाचन सुरू झाले. मारेकरी डाव्या हाताने जमीनदाराला हळुवार झोका देऊ लागला, तशी बाईंनी घास खाली ठेवला. वाचन संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पुस्तक मी घेतेय." मग थोड्या वेळाने, "झोक्याचं हे सुचलं कसं तुम्हाला?"

"त्याचं काय आहे," लेआंद्रो मान ताठ करून म्हणाला, "माझं निरीक्षण बारीक आहे."

मी त्याच्या ताटलीतला डुकराच्या मांसाचा शेवटचा तुकडा उचलला आणि बाईंना वाढला.