तळ्याकडे बघणारा विधुर

लोवेल ब्रँडवोल्ड गेली बावीस वर्षं मिनेसोटातल्या एका कॉलेजात कथालेखन शिकवत होता. कॉलेज एवढं लहान, की डीनच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं तर अख्खा तत्त्वज्ञान विभाग कार्डावर सह्या करायचा. लोवेलच्या नावावर एक कादंबरी होती. ती छापून आली तेव्हा त्याचे आत्ताचे विद्यार्थी जन्मायचे होते. दुसरी अकरा वर्षं चालू होती. दर मे महिन्यात डीनकडून फॉर्म यायचा, 'यंदा काय सर्जनशील काम केलंत?' लोवेल दरवर्षी लिहायचा, 'कादंबरी अंतिम टप्प्यात.' अंतिम टप्पा अकरा वर्षं टिकवून धरणं हेही सर्जनशील कामच आहे, असं तो बायकोला म्हणायचा. सोल्वेग हसायची नाही.

यंदा मात्र शेवटचं प्रकरण खरोखरच लिहून झालं. त्यात जीव आहे की नाही, एवढंच आता त्याला कळायला हवं होतं. असेल तर प्रकाशकाकडे, नसेल तर कपाटात. पण विचारायचं कुणाला? सोल्वेगने चारदा वाचलं होतं, आणि आता नुसती फाइल दिसली तरी तिचं डोकं धरायचं. सहकारी 'धाडसी आहे' म्हणायचे. या कॉलेजात 'धाडसी'चा अर्थ दहाव्या पानापलीकडे कुणी गेलेलं नाही.

राहता राहिला वर्ग. वर्गाचे नियम लोवेलनेच घातले होते आणि त्यांचा त्याला फार अभिमान होता. प्रत्येकाने सत्रात एकच कथा द्यायची, कागदावर नाव घालायचं नाही. चाळीस मिनिटं सगळ्यांनी बोलायचं. ज्याची कथा असेल त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. शेवटी त्याने हात वर करून फक्त 'आभारी आहे' म्हणायचं. खुलासे नाहीत, रडगाणं नाही. "वाचकाच्या घरी जाऊन समजावून सांगणार आहात का?" असं लोवेल दरवर्षी विचारायचा आणि दरवर्षी स्वतःच हसायचा.

एका मुलाने मधेच विषय सोडल्यामुळे एक जागा रिकामी होती. लोवेलने आपलं प्रकरण छापून गुपचूप गठ्ठ्यात सरकवलं. बेत असा, की स्तुती रंगात आली की सावकाश हात वर करायचा. बाथरूमच्या आरशासमोर त्याने दोनदा करूनही पाहिला होता.

मंगळवारी प्रिसिला ओकरलुंडने सुरुवात केली. "हा विधुर बारा पानं तळ्याकडे बघतोय. बारा! मला वाटलं, आता तरी उठेल. निदान पायाला मुंग्या तरी येतील."

"आणि तळं म्हणे त्याच्या दुःखाइतकं खोल," डेस्मंड म्हणाला. "आमच्या गावचं तळं कमरेएवढं आहे. मग दुःख केवढं झालं?"

"बायको गेली, पण तिला साधं नाव नाही. नुसती 'ती', 'ती'."

"कुत्रा चांगला आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. कुत्रा चांगला आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुत्रा सोल्वेगने सुचवलेला होता.

"हं, अजून कुणाला काही?" लोवेलने सवयीने विचारलं. अजून बरंच होतं.

चारला दहा कमी असताना तो म्हणाला, "ज्याची कथा आहे त्याने हात वर करावा." त्याचा स्वतःचा हात टेबलावर होता. तो उचलायचा, एवढंच काम. ते झालं नाही. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला, आणि मागच्या रांगेतून एक हात वर आला.

तो ओरिन हॉगस्टॅडचा होता. ओरिनने चौतीस वर्षं कॉलेजचा बॉयलर सांभाळला होता. निवृत्तांना कुठल्याही वर्गात फुकट बसता येतं, म्हणून त्याने आधी भूगर्भशास्त्र केलं, मग ग्रीक शोकांतिका, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कथालेखन.

"आभारी आहे," ओरिन म्हणाला.

प्रिसिलाचं तोंड उतरलं. ओरिनची बायको मार्लिस सहा वर्षांपूर्वी गेली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "मिस्टर हॉगस्टॅड, कुत्रा खरंच मस्त जमलाय हो," ती म्हणाली.

लोवेलने त्याला जिन्यात गाठलं. "ओरिन, तुम्ही का हात वर केलात?"

"अहो प्रोफेसर, कुणीतरी करायला नको? मला चर्चमध्ये टेबलं मांडायला जायचं होतं."

"पण माझं आहे हे कसं ओळखलंत?"

"तुमचं जाहीर वाचन असतं तेव्हा मी दरवर्षी येतो. तिथली कॉफी बरी असते. दरवर्षी एक तळं असतं. एकदा समुद्र होता, पण तोही तळ्यासारखाच वागत होता."

लोवेलला हसू आलं, आणि हसता हसताच त्याने विचारून टाकलं, "फार वाईट आहे का हो?"

ओरिन कोटाची बटणं लावत राहिला. "मार्लिस गेली तेव्हा मी काही तळ्याकडे बघितलं नाही. वेळ कुठे होता? कॅन ओपनर सापडेना. घरात सूपचे चाळीस डबे आणि उघडायला काही नाही. ती कशी उघडायची, देव जाणे. शेजारणीकडे मागायची लाज वाटली. घरात काय कुठे असतं हे याला माहीत नाही, असं तिला कळलं असतं."

"मग सापडला?"

"ते पुढच्या मंगळवारी," ओरिन म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या मंगळवारी गठ्ठ्यातली शेवटची कथा निघाली. सात पानांची. डोलोरेस नावाची बाई वारते आणि तिचा नवरा चार दिवस कॅन ओपनर शोधतो. चौथ्या दिवशी शेजारीण आपला घेऊन येते आणि सांगते, डोलोरेस उन्हाळाभर माझाच न्यायची. मग त्यांचा स्वतःचा सापडतो, नवऱ्याच्या मासेमारीच्या पेटीत, त्यानेच ठेवलेला. 'तू सगळं हरवतेस' म्हणून तो उन्हाळाभर तिला बोलत होता.

डेस्मंडने दोनदा नाक ओढलं. लोवेललाही भरून आलं होतं, आणि त्याहून जास्त, त्याला हेवा वाटत होता.

"मला कळलं!" प्रिसिला एकदम म्हणाली. "प्रत्येकाची एकेक कथा झालीय. ही तुमची आहे ना, प्रोफेसर? मिस्टर हॉगस्टॅडना दाखवायला, की हाच विषय असा लिहायचा असतो?"

सगळ्यांच्या माना वळल्या. अशा नजरेने त्याच्याकडे बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. ओरिन मात्र खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तो काही बोलणार नव्हता. लोवेलने गप्प बसायचं, की झालं.

लोवेलने हात वर केला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

"थांबा," तो म्हणाला, आणि आपलाच नियम मोडून बोलायला लागला. "मागच्या आठवड्यातलं तळं माझं आहे. मला हात वर करायची हिंमत झाली नाही, म्हणून ओरिननी केला. ही कथा त्यांची आहे."

प्रिसिलाने कपाळावर हात मारला.

"ती बारा पानं तुमची?" डेस्मंडने विचारलं.

"कादंबरीत चाळीस आहेत," लोवेल म्हणाला.

वर्ग खो खो हसला, आणि लोवेलही. तोवर ओरिनने खिडकीवरून नजर काढली होती. त्याने हळूच हात वर केला. "आभारी आहे," तो या खेपेलाही म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन लोवेलने कादंबरी कपाटात टाकली. कुत्र्याची तेवढी तीन पानं बाहेर काढून ठेवली. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि एकेक खण उघडायला लागला. चौथ्या खणापाशी सोल्वेग आली.

"काय शोधतोयस?"

"कॅन ओपनर."

"तुला काय उघडायचंय?"

"काही नाही. कुठे असतो, ते बघून ठेवतोय."

सोल्वेगने वाकून त्याच्या गुडघ्यापाशी असलेला खण ओढला.

"आपण या घरात आलो तेव्हापासून इथेच आहे," ती म्हणाली.